बोडीकडची बाजू

धान पिवळं पडायला लागलं की माझी मनगटं दुखतात. डॉक्टर म्हणतात, माउस फार चालवता म्हणून. आई म्हणते, थंडी पडली म्हणून. दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. पण हे दुखणं दरवर्षी नेमकं याच दिवसांत वर येतं, लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं असतं आणि उशिरा येणारं भारी धान अजून उभं असतं तेव्हा. लाखनीच्या हायवेवर ट्रकच्या धुरातूनही त्या दिवसांत पिकल्या धानाचा वास येतो, थोडा गोडसर, थोडा धुळकट. लोकांना म्हणे त्या वासानं भूक लागते. मला कुणाला तरी मारावंसं वाटतं.

घाबरू नका. मी मारते ते कॉम्प्युटरवर. हायवेच्या कडेला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दाखले, परीक्षांचे अर्ज, सातबारा, जे लागेल ते. त्या कामाला लागतो त्यापेक्षा कितीतरी दांडगा कॉम्प्युटर मी घेतलेला आहे, आणि तो का घेतला हे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना कळत नाही. पडद्यावर एक रक्तानं माखलेली बाई कुऱ्हाड घेऊन उभी असते. तिच्यावरच मी जातीच्या दाखल्याची खिडकी उघडते. एकदा एका गुरुजींनी विचारलं, हे काय व्हय. मी म्हटलं, मीच आहे. त्यांनी अर्ज घेतला आणि मागं न बघता गेले.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. हे खेळ गाडी पळवण्याचे किंवा गोळ्या झाडण्याचे नसतात. यात आपण कुणीतरी होतो. नाव ठरवतो, चेहरा ठरवतो, हत्यार निवडतो आणि एका अनोळखी मुलखात चालायला लागतो. वाटेत गावं लागतात, माणसं भेटतात, ती आपल्याला कामं सांगतात. ती करता करता आपण मोठे होतो, अंगात बळ येतं, आणि कालपर्यंत ज्याच्यापुढून पळत होतो त्याला आज लोळवतो. मी नेहमी बाई होते आणि नेहमी कुऱ्हाड घेते. जादू कधी घेत नाही. दुरून बोट दाखवून आग लावायची, हे मला मारणं वाटतच नाही. मारायचं तर जवळ जावं, त्याचा श्वास ऐकू यावा, आपलंही थोडं रक्त सांडावं.

पस्तिशी आली तरी हे काय खूळ, असं नातेवाईक विचारतात. हिंसा वाईट, असंही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी अर्धे लोक रस्त्यावर गाडीला गाडी घासली तर कॉलर धरायला उतरतात. मी उतरत नाही. माझं भागलेलं असतं.

यंदा एक नवा खेळ येणार होता. कित्येक वर्षं त्याची वाट पाहत होते. तारीख जाहीर व्हायची आणि पुढं ढकलली जायची. शेवटी जी पक्की झाली ती नेमकी आमच्या भारी धानाच्या कापणीच्या आठवड्यात आली. त्याची छोटी झलक मी इतक्यांदा पाहिली की डोळे मिटले तरी दिसते. दगडी भिंतीचं गोल मैदान, मधे कुऱ्हाडवाली बाई. तिच्या मागं लोखंडी दार धाडकन खाली पडतं. समोर अंधारात काहीतरी वळतं, आणि आधी फक्त सुळे दिसतात. तिथंच झलक संपते. त्या सुळ्यांपाशी मी दर वेळी श्वास रोखते.

वाट पाहणं हा या नादातला निम्म्याहून मोठा भाग आहे. खेळ हातात आला की हात त्याला आठवड्यात खाऊन टाकतात आणि मागं कापलेल्या बांधीसारखे नुसते खुंट उरतात. वाट पाहत असताना मात्र तो पूर्ण असतो, भरलेला असतो, वाऱ्यावर डुलत असतो. त्या काळात मी चिडखोर होते, दुकानात लोकांवर खेकसते, आणि फार सुखात असते.

आमच्या खेळणाऱ्यांतले शहाणे लोक एक वाक्य नेहमी म्हणतात, की खेळात चुकलं तर मागं जाऊन पुन्हा खेळता येतं, आयुष्यात तसं नसतं. हे ऐकलं की मला चीड येते. खेळात आणि आयुष्यात फरक आहे तो तिथं नाही. तो कुठं आहे हे मला एका कापणीनं दाखवलं, आणि नीट कळलं ते यंदा, आईकडून.

आमच्याकडं धानाच्या शेताचे बांध घातलेले तुकडे असतात, त्यांना बांधी म्हणतात. आमची शेवटची बांधी बोडीला लागून आहे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. बोडीच्या पलीकडं झुडपं आणि मग जंगल. धान पिकलं की रानडुकरं येतात, रात्री खातात आणि त्यांतलं एखादं दिवसा त्या दाट धानातच लोळून राहतं. कापणारी माणसं पुढं सरकतात तसं ते मागं सरकतं. म्हणून कापायची एक रीत आहे. गावाच्या बाजूनं सुरुवात करायची आणि बोडीकडची बाजू मोकळी ठेवायची. तिकडं कुणी बसायचं नाही, पाण्याचा डबासुद्धा ठेवायचा नाही. शेवटचा तुकडा उरेपर्यंत जनावर आपणहून निघून जातं. बाबांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं. का, ते कुणी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

त्या कापणीच्या वर्षी मी भंडाऱ्याला कॉलेजात होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. घरात जुना, कुणाचातरी वापरलेला कॉम्प्युटर होता आणि मैत्रिणीनं पेनड्राइव्हवर दिलेला माझा पहिला खेळ. त्यात पहिल्याच गावातला एक म्हातारा पहिलं काम सांगायचा ते हेच, की शेतातली डुकरं मार. तीन घावांत एक मरायचं. मी सकाळी धान कापायची आणि दुपारी घरी जाऊन डुकरं मारायची. हातात विळा असला तरी मनात कुऱ्हाडच असायची.

मग ढग आले. कापणीच्या तोंडावर आलेले ढग काय असतात ते धानवाल्यालाच कळतं. आई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून जंगलाच्या वरचं आभाळ बघत होती. तिनं गावातून आणखी बायका बोलावल्या आणि सांगितलं, शेवटची बांधी चारही बाजूंनी कापायची, पाणी यायच्या आत उरकायचं. बाबा म्हणाले, बोडीकडची बाजू सोड. आई म्हणाली, पाणी आला तं उभ्या धानाले कोंब येतीन, मंग तुमी बसा त्या डुकराची वाट पाहत.

बाबा भांडणारे नाहीत. ते विळा उचलून बोडीकडं चालायला लागले.

"बाजू बंदच करायची असन तं तिकडं मी बसतो," ते म्हणाले. "बायकाईले बसवू नको."

आईनं ऐकलं. मीही ऐकलं. सगळे खाली वाकले आणि कापायला लागले.

चारी बाजूंनी कापलेलं धान कसं आटत जातं ते पाहण्यासारखं असतं. आधी बांधी, मग अंगण, मग खोली. शेवटी खोलीएवढं धान उरलं तेव्हा वारा नव्हता, तरी मधल्या लोंब्या हलल्या. बायका थांबल्या. कुणीतरी हळूच डुक्कर म्हटलं आणि आमच्या तिन्ही बाजू एकदम मागं सरल्या. चौथ्या बाजूला बाबा वाकलेले होते. त्यांच्या मागं बोडीचं पाणी होतं.

खेळात जनावर आधी गुरगुरतं, पाय घासतं, आपल्याला सावरायला वेळ देतं. ते डुक्कर काहीच बोललं नाही. भरलेलं पोतं जमिनीवरून ओढल्यासारखा आवाज आला आणि बाबा आडवे झाले. सुळा गुडघ्यापाशी घुसला आणि मांडीवरून वर गेला. धोतराचा आणि मांसाचा रंग एक झाला. पुढं पळायला जागा होती, तरी ते पळालं नाही. वळून पुन्हा त्यांच्यावर आलं.

आई उरलेलं धान तुडवत मधून धावली. तिनं विळा त्याच्या मानेत घातला. विळा अडकला, निघेना, तर तिनं तो तसाच दोन्ही हातांनी ओढला आणि त्यासकट जनावराला बाबांवरून बाजूला खेचलं. धुऱ्याजवळ बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, उभी होती. मी तिची उभारी, कडेचा उभा दांडा, उपसली, ते जाड लाकूड दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या पाठीवर घातलं. लाकडातून त्याचं हाड माझ्या मनगटांत आलं. पुन्हा घातलं, पुन्हा आलं. मग बायका आल्या, दगड आले, काठ्या आल्या. डुक्कर लवकर मरत नाही. ते शेवटपर्यंत ओरडत होतं, आणि तो आवाज माणसाच्या आवाजाच्या फार जवळचा होता. मेल्यावरही आई थांबली नाही. तिचं तोंड, पदर, केस लाल झाले होते. तिला मागून धरून ओढावं लागलं.

आणि मला ते आवडलं, हेही लिहून टाकते. भीती होती, बाबा समोर पडलेले होते, तरी त्या लाकडाच्या प्रत्येक घावाबरोबर अंगातून काहीतरी गरम, चांगलं वर येत होतं. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

पाऊस आलाच नाही. ढग गोंदियाकडं निघून गेले.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाबांचा पाय ठेवायचा की काढायचा, यावर डॉक्टर रोज वेगळं बोलायचे. जखमेत विष चढलं होतं. ते वर गेलं असतं तर पाय गेला असता, आणखी वर गेलं असतं तर बाबाच गेले असते. आई आणि मी आळीपाळीनं तिथं राहायचो. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली. धान दुसऱ्यांनी कापलं, दुसऱ्यांनी रचलं.

मी घरी असले की खेळायची. दुसरं काही सुचतच नव्हतं. म्हाताऱ्याचं काम कधीच पूर्ण झालं होतं, आता डुकरं मारून काहीही मिळत नव्हतं. तरी मी त्याच शेतात जायची आणि मारायची. एक दिवस आई डबा न्यायला घरी आली होती. पडद्यातून डुकराचा आवाज आला तशी ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती म्हणाली, मार. मी मारलं. तिनं खुर्ची ओढली. मग तो आमचा रोजचाच कार्यक्रम झाला. ती दवाखान्यातून यायची, हात धुवायची, बसायची आणि म्हणायची, मार. मेलेलं डुक्कर थोड्या वेळानं त्याच जागी पुन्हा उभं राहायचं आणि आम्ही दोघी ते पुन्हा मारायचो. आम्ही एकमेकींशी त्या दिवसांत जेवढं बोललो ते एवढंच. लोकांच्या आयांनी मुलींना ओव्या शिकवल्या असतील, माझ्या आईशी माझी मैत्री अशी झाली.

पाय राहिला. गुडघा मात्र वाकायचा नाही तो आजही वाकत नाही. बाबा कुबडीवर घरी आले त्या दुपारी आम्ही खेळतच होतो. ते दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

"त्याचा का दोष व्हता?" ते म्हणाले. "तो जाईन कोठून?"

ते आईला बोलले नव्हते, पडद्याकडं बघून बोलले होते. पण आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि त्यानंतर माझ्या पडद्याकडं तिनं कधी पाहिलं नाही. दर थंडीत ती त्यांच्या पायाला तेल चोळते. जोरात, दात ओठ खाऊन चोळते. बाबा डोळे मिटून घेतात. त्या बाजूविषयी दोघं कधीच बोलले नाहीत. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. घरात राहून राहून मला त्या शांततेचाच जास्त राग यायला लागला होता. त्यांनी एकदा कडाडून भांडावं, भांडी फेकावी, असं मला वाटायचं.

आता विळ्यानं कापतं कोण? यंदा शेवटच्या बांधीत चेनवाला हार्वेस्टर आला. चालवणारा बाहेरचा, हिंदी बोलणारा, घाईत. पुढं त्याला आणखी शेतं होती. मशीन कडेकडेनं गोल फिरतं, प्रत्येक फेरीला आतलं धान लहान होत जातं. आधी बांधी, मग अंगण. दोन फेऱ्या झाल्यावर बाबा काठी टेकत, तो न वाकणारा पाय ओढत धुऱ्यावरून खाली उतरले आणि मशीनच्या समोर जाऊन उभे राहिले. बोडीकडच्या बाजूनं फिरू नको म्हणाले, अन् थोडा वेळ मशीन बंद ठेव. तो हसला. मशीनपुढं जनावर काय करणार, काका, बाजूला व्हा, असं काहीसं म्हणाला. बाबा हलले नाहीत. त्यानं मशीन रेस केलं, नुसतंच, धाक दाखवायला. ती फिरती पाती बाबांच्या काठीपासून फार लांब नव्हती.

माझं डोकं फिरलं. मी धावत गेले आणि मशीनच्या पायरीवर चढले. खाली उतर, नाहीतर तुला खाली ओढून याच चिखलात घालीन, असं त्याला सांगितलं. तेवढं बळ माझ्यात आहे की नाही याचा विचार केला नव्हता. त्यानंही केला नसावा, कारण तो मागं सरकला.

मग आई आली. कापणीला मशीन असलं तरी ती दर वर्षी विळा घेऊनच येते, आणि शेवटच्या बांधीत कधी उतरत नाही. यंदा उतरली. बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि वर त्या चालकाकडं बघून, आजूबाजूला गावातली माणसं उभी असताना, बोलली.

"हे बाजू मागं म्या बंद केली व्हती. यायचा पाय माह्यापायी गेला. मशीन बंद कर."

त्याला किती कळलं कुणास ठाऊक. त्यानं मशीन बंद केलं.

एवढी शांतता झाली की माझ्या खिशातला फोन थरथरला तो सगळ्यांनी ऐकला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवा खेळ उतरून तयार असल्याचा निरोप होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो आला होता आणि मी धानाकडं बघत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. चालक विडी ओढून आला. बाबांनी काठीवरचा हात बदलला.

मग लोंब्या हलल्या. आतून एक रेघ बोडीकडं सरकत गेली आणि डुक्कर धुऱ्यावर चढलं. मोठं होतं, काळं, मानेवरचे केस ताठ. ते तिथं थांबलं आणि आमच्याकडं वळून पाहिलं. आईचा विळ्याचा हात वर गेला. बाबांनी तो धरला नाही. मीही पुढं झाले नाही. तो हात तसाच वर राहिला, आणि डुक्कर पलीकडं उतरून बोडीच्या कडेनं झुडपांत गेलं.

आई खाली बसली आणि विळ्यानं धुऱ्याला मारायला लागली. माती उडत होती. तोंडातून शब्द नव्हता, नुसता घशातला आवाज, आणि तो मी एकदाच पूर्वी ऐकला होता, त्या कापणीला. मूठ फुटून पातं उडेपर्यंत ती मारत राहिली. बाबा काठीवर उभे होते, त्यांचे डोळे वाहत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाई," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मी खेळ सुरू केला होता, कुऱ्हाडवाली बाई तयार झाली होती. आई माझा डबा घेऊन आली. एरवी ती डबा टेबलावर ठेवते आणि रस्त्याकडं तोंड करून बसते. त्या दिवशी तिनं खुर्ची ओढली, माझ्या बाजूला लावली आणि म्हणाली, मले दे. कोणतं बटन दाबलं की घाव बसतो ते मी दाखवलं. तिच्या हाताखाली माउस लहान दिसत होता. धुऱ्याच्या मातीनं सोललेली तिची बोटं अजून सुजलेली होती.

गोल मैदान आलं. मागं दार धाडकन पडलं. समोर अंधारात सुळे वळले. आईनं हात थांबवला आणि भिंत निरखून पाहिली, डावीकडून उजवीकडं, सगळी.

"याची बाजू कोणती?" तिनं विचारलं.

"इथं बाजू नसते आई. दार बंदच असतं."

"कोणं बंद केलं?"

"बनवणाऱ्यांनी. आपण नाही."

मी दाखवलेल्या बटनावर तिनं बोट ठेवलं.

"मंग बरं हाये," म्हणाली, आणि तिनं पहिला घाव घातला.